दवाखान्यातलं उष्टावण

लोहाच्या औषधाची दुसरी बाटली संपली तरी मुक्ता पांढरीच होती. खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा जरा जास्तच. तिच्या आजीनं, काशीबाईंनी, तिला माझ्या टेबलावर निजवलं आणि रिकामी बाटली तिच्या उशाशी ठेवली. पेशंट भांडला तर डॉक्टरला भांडता येतं. रिकाम्या बाटलीशी कसं भांडणार?

मी तेव्हा परळीच्या सरकारी दवाखान्यात होतो. निजामाचा अंमल होता. डॉक्टरी मी हैदराबादेत शिकलो, आणि तीही उर्दूतून. त्यामुळे माणसाच्या पोटातल्या निम्म्या गोष्टींची मराठी नावं मला पेशंटनीच शिकवली. मी 'तिल्ली सुजली आहे' म्हणायचो आणि समोरचा म्हातारा म्हणायचा, पानथरी म्हणा की सरळ. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, समोर लांब ओसरी, रहीमभाई नावाचे कंपाउंडर आणि एक मायक्रोस्कोप. मायक्रोस्कोप सरकारनं हिवतापाचे जंतू बघायला दिला होता. रहीमभाई तो रोज पुसायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मला द्यायचे, पण तोंड वाकडं करून.

मुक्ता शिरसाळ्याची. वर्षाची व्हायला आली होती. आई बाळंतपणातच गेलेली. बाप दगडू, शेतकरी, गरीब स्वभावाचा. काशीबाई त्याची आई, आणि तिच्यासमोर त्याचा आवाज म्हणून निघत नसे. ही मंडळी बैलगाडीतून यायची आणि गाडीच्या मागं एक काळी शेळी बांधलेली असायची. पोरीला ताजंच दूध लागतं म्हणून. दवाखान्यासमोरच्या लिंबाला शेळी बांधायची, दगडूनं तिची दोरी धरून बसायचं आणि काशीबाईंनी पोरीला घेऊन आत यायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

पोरगी पहिल्यांदा आली तेव्हाच मला ती आवडली नव्हती. म्हणजे तिची तब्येत. ओठ, नखं, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू, कुठं म्हणून लाली नाही. कातडीवर किंचित पिवळी झाक. पावलं सुजलेली. या वयाचं मूल रांगतं, हाताला लागेल ते ओढतं. हिला बसवलं की ती हळूच कलंडायची. रडायचीसुद्धा थकल्यासारखी.

इथं रक्ताबद्दल थोडं सांगायला हवं. रक्ताला लाल रंग येतो तो त्यातल्या लाल पेशींमुळे. श्वासातली हवा सगळ्या अंगाला पोचवायचं काम त्यांचं. बाळ पोटात असतं तेव्हा त्याला हवा बेताचीच मिळते, म्हणून त्याच्या रक्तात या पेशी मोठ्या माणसापेक्षाही जास्त असतात. जन्मलं, रडलं, श्वास घ्यायला लागलं की एवढ्या पेशी नको होतात. जास्तीच्या मोडतात. नवजात बाळ चार दिवस पिवळं दिसतं ते बहुतेक वेळा त्यामुळेच. मग दोन-तीन महिने हाडांच्या आतला मगज, जिथं रक्त तयार होतं, तो जरा आराम करतो. त्यानंतर पुन्हा कामाला लागतो. पण तेव्हा त्याला कच्चा माल लागतो. थोडा आईनं पोटात असताना दिलेला असतो, बाकीचा खाण्यातून मिळवायचा.

पांढरं पडलेलं मूल आलं की आमचा हिशेब ठरलेला. आधी हिवताप. स्लाइड काढली, जंतू नाहीत. मग आतड्यातले जंत. हे जंत अनवाणी पायातून शिरतात, आणि हिचा पाय अजून मातीला लागलाच नव्हता. मग उरलं लोह. दुधात लोह जवळजवळ नसतंच, म्हणून नुसत्या दुधावर वाढलेली मुलं हमखास पांढरी पडतात. मी विचारलं होतं, खाते-पिते का? काशीबाई म्हणाल्या होत्या, पिती की, लई चांगली पिती. मी आयर्न मिक्स्चर दिलं. हे हिरवट काळं औषध फार वाईट लागतं. तरी काशीबाईंनी ते एक वेळही न चुकवता पाजलं. पोरीच्या दोन दातांवर काळा डाग आला होता, त्यावरूनच कळत होतं.

तर ती रिकामी बाटली. मी पुन्हा बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर पसरला, रंग दिला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. पहिल्या वेळी मी जंतू शोधत होतो. या वेळी नुसत्या पेशी बघितल्या.

लोह कमी असलं की लाल पेशी बारक्या होतात आणि मधोमध फिकट दिसतात. इथं उलटंच होतं. पेशी थोड्याच होत्या, पण मोठ्या, काही लांबुळक्या, आणि रंगानं गच्च भरलेल्या. म्हणजे रंगाची, लोहाची टंचाई नव्हतीच. पेशींची संख्याच वाढत नव्हती. पेशी वाढते आणि मग तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. हिच्या मगजात पेशी नुसती फुगत होती, दोन होणं तिला जमत नव्हतं. परातीत भरपूर पीठ आहे, पण करणारीला त्याचे नीट गोळे तोडता येत नाहीत, म्हणून दोन-चारच थोराड भाकऱ्या होतायत, असं काहीसं. पंगत उपाशी ती उपाशीच.

पोरीला मी दवाखान्यातच ठेवून घेतलं. त्याच आठवड्यात बीडहून सिव्हिल सर्जन साहेब मुआयन्याला आले. मुआयना म्हणजे तपासणी. साहेब हैदराबादी, वाचनाचा नाद असलेले, बोलायला तुटक. औषधांची कपाटं बघून झाल्यावर मी त्यांना स्लाइड दाखवली. त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही.

"लोहा कबसे दे रहे?"

"एक महीने से, साहब."

"बेकार दे रहे. इसको लोहा नहीं होना. बच्ची बकरी के दूध पे है क्या?"

मी खिडकीतून लिंबाकडे बोट दाखवलं. शेळी दगडूच्या हातातला पाला खात होती.

साहेबांनी मान हलवली. म्हणाले, युरोपातल्या डॉक्टरांनी हे पाहिलंय, नुसत्या शेळीच्या दुधावरची मुलं अशी पांढरी पडतात. त्या दुधात काहीतरी एक सत्त्व कमी असतं. काय ते अजून कुणाला नीट माहीत नाही. पण ते कलेजीत असतं एवढं कळलंय. कलेजीच्या अर्काचं इंजेक्शन निघालंय. मी विचारलं, मागवू का? ते म्हणाले, यायला महिना तरी लागेल. मग पोरीकडे वळून बघितलं.

"महीना है इसके पास?"

"नहीं, साहब."

"तो खाटिक के पास भेजो आदमी को. कलेजी, जरा कच्ची रखना. और दूध के सिवा बाकी जो खाती, वो बढ़ाओ."

त्यावरून मला तो प्रश्न सुचला, जो मी नीट विचारलाच नव्हता. साहेब गेल्यावर मी काशीबाईंना म्हटलं, मावशी, दुधाशिवाय तिच्या पोटात आणखी काय जातं? वरणाचं पाणी? भाताची पेज? भाकरीचा कुस्करा?

"काईच न्हाई," काशीबाई म्हणाल्या. "उष्टावण न्हाई झालं तिचं."

उष्टावण सहाव्या-सातव्या महिन्यात होतं. मामाच्या मांडीवर बसवून बाळाला पहिला घास द्यायचा, त्यानंतर अन्न सुरू. ही बारा महिन्यांची होत आली होती. मी विचारलं, का नाही झालं?

"मामा येत न्हाई."

मग सगळं बाहेर आलं. सांगितलं काशीबाईंनीच, काही लपवलं नाही. मुक्ताची आई सुंदर तेलगावची. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत. सातव्या महिन्यात तिचा भाऊ बापूराव गाडी घेऊन न्यायला आला. घरात ज्वारीची काढणी होती, माणूस कमी होतं. काशीबाईंनी त्याला सांगितलं, खळं होऊ द्या, मग धाडते. तो परत गेला. खळं लांबलं, मग आणखी काही निघालं, आणि सुंदर सासरीच बाळंत झाली. रक्त फार गेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. बापूराव मातीला आला, पोरीला न बघताच परत निघाला, आणि वेशीत उभं राहून म्हणाला की या घरचं पाणी मी यापुढं पिणार न्हाई. त्यानंतर उष्टावणासाठी त्याला दोनदा निरोप गेला. निरोप्याला त्यानं जेवू घातलं, पण उत्तर दिलं नाही.

मी म्हटलं, मामा नसेल तर चुलतमामा बघा, नाहीतर बापाच्या मांडीवर बसवा. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. काशीबाई म्हणाल्या,

"दुसऱ्याच्या मांडीवर घास दिला तर मामाचं नातं तिथंच तुटलं, साहेब. आई तर गेलीच तिची. आता आजोळ बी म्याच तोडू का?"

मला राग आला. आज वाटतं तेवढा येण्याचं कारण नव्हतं, पण आला. मी चढ्या आवाजात बोललो. अज्ञान, हट्ट, असले शब्द वापरले. दगडू दारात आला होता, तो शेळीकडे बघत राहिला. रहीमभाईंनी आतून येऊन ओसरीचं दार लोटून घेतलं, बाहेरच्या पेशंटना ऐकू जाऊ नये म्हणून. काशीबाई माझ्या ओरडण्याला घाबरल्या होत्या हे दिसत होतं. पण त्या आणखी कशालातरी जास्त घाबरत होत्या, तिथं माझा आवाज पोचत नव्हता.

आवाज खाली आणून मी दुसरी युक्ती केली. म्हटलं, कलेजी हे अन्न नाही, औषध आहे. त्यावर काशीबाई म्हणाल्या, आमच्या घरात माळ हाय, तरी तुमी दवा म्हणून पाजाल ते म्या पाजते. पण चावायचं ते अन्न, आन् पहिलं अन्न मामाच्या हातचं. आता या कायद्यातून वाट काढणं माझ्याच्यानं झालं नाही. प्यायचं चालेल म्हणाल्या म्हणून मी पालकाचं पाणी सुरू केलं. त्यांनी ते इतकं मनापासून उकळलं की काढा झाला. काही उपयोग झाला नाही. ते सत्त्व फार उकळलं की मरतं, हे पुढं कित्येक वर्षांनी कळलं.

रक्त चढवणं वगैरे आपल्याकडच्या गावात तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पोरीला मी ओसरीच्या कोपऱ्यातच ठेवलं होतं. दर सकाळी तिच्या छातीला नळी लावायचो. हृदय धावत होतं. रक्त पातळ झालं की तेवढ्यातच भागवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, आणि एवढ्याशा पोरीचं हृदय किती दिवस धावणार? ते थांबेल कधी, याचा विचार मी करत होतो. काशीबाईही करत होत्या.

तेलगावला देवीची लस टोचायचा दौरा होताच. मी तो अलीकडे ओढला. शिरसाळ्यावरून तट्टू हाकत तेलगावला पोचलो, टोचण्याचं काम उरकलं आणि बापूरावांचं शेत विचारत गेलो. कापसाची वेचणी चालू होती. बायका पदराच्या ओटीत वेचून आणत होत्या, आणि बापूराव एका मोठ्या पोत्यात उभे राहून कापूस पायांनी दाबत होते. आमचं सगळं बोलणं ते कमरेइतके पोत्यात असतानाच झालं. मी कोण, कुठून आलो, ते सांगितलं. त्यांनी पायांचं काम थांबवलं नाही.

"शिरसाळ्याचं काई असंल तर परत जावा," ते म्हणाले.

"बापूराव, भांडण मिटवायला मी आलो नाही. ते माझं काम नाही. मी तुमच्या भाचीच्या रक्ताचं सांगायला आलोय."

"काय झालं तिच्या रगताला?"

मी सांगितलं. तुम्हाला वर सांगितलं तेवढंच, त्याहून सोपं करून. म्हटलं, मूल पोटात असताना आई त्याला पुढच्या रक्ताची शिदोरी बांधून देते. ती काही महिने पुरते. तुमच्या बहिणीनं पोरीला दिलेली चांगली भरपूर होती, म्हणूनच पोरगी इथवर आली. ती आता संपली. आता रोजचं रोज नवं रक्त तयार व्हायला हवं, आणि त्याला जे लागतं ते शेळीच्या दुधात नाही.

बापूरावांचे पाय थांबले.

"सुंदरनं दिलेलं संपलं?"

"संपलं. तिला जे देता आलं ते तिनं दिलं. पुढचं दुसऱ्या कुणीतरी द्यायला हवं. काशीबाई तुमच्यासाठी अडून बसल्यात. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचा घास त्या देत नाहीत."

"आडवायचं त्या म्हातारीला चांगलं जमतं," बापूराव म्हणाले. त्यांचा आवाज फिरला होता. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी कापसाच्या हातानंच पुसलं आणि पापण्यांना तंतू चिकटले. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी विचारलं, "दिसायला कशी हाय?"

"तुमच्या बहिणीला मी पाहिलेलं नाही. येऊन तुम्हीच सांगा."

"म्या शपथ घेतलीय, डाक्टरसाब. त्या घरात पाय न्हाई ठेवणार."

"त्या घरात बोलावतंय कोण? परळीला दवाखान्यात या. जागा सरकारची, पाणीही सरकारी आडाचं."

ते पुन्हा कापूस दाबायला लागले. मी परत आलो. वाटेत मला वाटत होतं, दौरा फुकट गेला.

दोन दिवसांनी सकाळी त्यांची गाडी दवाखान्यासमोर उभी राहिली. दगडू उठून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. काशीबाईंनी पदर डोक्यावर ओढला. कुणी कुणाला राम राम केला नाही. मी रहीमभाईंना म्हटलं, खाटकाकडे जा. आणि काशीबाईंना म्हटलं, खीर करा.

ओसरीवर पाट मांडला. भटजी वगैरे लागत नाहीत याला. कुंकू होतं, तांदळाची खीर होती, काशीबाईंनी स्वतःची सोन्याची अंगठी काढून खिरीत बुडवली होती, रीत असते तशी. बापूराव पाटावर बसले. दगडूनं पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. तिला ते पहिल्यांदाच बघत होते. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मामानं भाची पाहिली नव्हती. त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचलून जरा वर धरलं, बाजारात आपण काही उचलून बघतो तसं, आणि म्हणाले, "ही तर लई हलकी हाय." खिरीचा घास तिनं घेतला. निम्मा बाहेर आला, निम्मा आत गेला.

आता दुसरा घास. कलेजी आम्ही गरम पाण्यातून नुसती काढून, शिरा खरवडून, औषधाच्या खलात वाटली होती. खल दवाखान्याचा, चमचा दवाखान्याचा. काशीबाईंच्या भांड्याला काहीही लागू दिलं नव्हतं. तरी वाटी समोर आली तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. नातीचा दुसरा घास मटणाचा, तोही अर्धकच्चा. मी त्यांना म्हटलं, मावशी, तुम्ही आत बसा. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, पण उठल्या नाहीत.

बापूराव माळकरी नव्हते. त्यांनी वाटीत बोट घातलं आणि भिंतीकडे बघत असलेल्या काशीबाईंच्या पाठीला म्हणाले, "ह्याचं पाप माझ्या डोस्क्यावर." वर्षभरात त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मुक्तानं तोंड वेडंवाकडं केलं आणि थुंकलं. त्यांनी पुन्हा बोट घातलं. तिनं पुन्हा थुंकलं. सगळा सदरा भरला. हा गडी कापूस पोत्यात दाबतो तसा न थकता घास देत होता. शेवटी थोडं पोटात गेलं.

त्यानंतर बापूराव राहिलेच. घरची वेचणी बायकोवर सोडली. दवाखान्याच्या मागच्या पडवीत पथारी टाकली. सकाळ-संध्याकाळ कलेजी त्यांच्या हातानं, मधे खीर, वरण, थोडा वेळच शिजवलेला पालक हे काशीबाईंच्या हातानं. दोन चुली, दोन खापरं. बोलायचं असलं तर दोघंही रहीमभाईंशी बोलायची. बापूराव म्हणायचे, सांगा त्यायला, वरण लई गरम हाय. आणि काशीबाई तीन हातांवर बसलेल्या असायच्या. रहीमभाई गंभीर चेहरा करून तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. दोघांच्या मधे उभं राहून त्यांनी सुरुवातीला हे फार मजेनं केलं. मग कंटाळले आणि म्हणाले, माझ्यामागं दुसरी कामं आहेत, आता तुमचं तुम्ही बघा. त्यानंतर ती दोघं एकमेकांशी बोलायला लागली, म्हणजे वरणाबद्दल.

पहिले चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळी मी ओसरीवर आलो तर पोरीनं माझ्या नळीचं रबर धरून ओढलं. ताकद म्हणाल तर काहीच नव्हती, पण ओढलं. मी तिथल्या तिथे बोटाला सुई टोचली. या वेळी ती मोठ्यानं रडली, आणि त्या रडण्यानं मला एवढा आनंद झाला की रहीमभाई माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायला लागले. स्लाइडवर निळसर झाक असलेल्या पेशी जागोजाग दिसत होत्या. नुकत्याच मगजातून बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी अशा दिसतात. मी आधी बापूरावांना आणि मग काशीबाईंना मायक्रोस्कोपला डोळा लावायला दिला. रहीमभाईंनी हे सहन केलं. काशीबाईंना काय दिसलं कोण जाणे. म्हणाल्या, लई हायेत की.

मग कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या, पायांची सूज उतरली, पोरगी बसवली तर बसून राहायला लागली. तिला घर सोडून दवाखान्यात येऊन पंधरवडा उलटून गेला होता. कलेजीचं काम झालं होतं. इथून पुढं वरण, भाजी, भाकरी, आणि आता लोहाचं औषधही, कारण नवं रक्त एवढ्या घाईनं बनायला लागलं की लोहही कमी पडतं. मी सांगितलं, आता घरी न्या.

बापूरावांनी बैल जुंपले. त्यांना तेलगावला जायचं, यांना शिरसाळ्याला, रस्ता एकच. दगडूही आपली गाडी जुंपत होता. काशीबाई पोरीला कडेवर घेऊन आल्या, तिच्या चार कपड्यांचं बोचकं घेऊन. दगडूच्या गाडीशी न थांबता त्या पुढं गेल्या आणि बोचकं बापूरावांच्या गाडीत ठेवलं.

"हिला आजोळी घेऊन जावा," त्या म्हणाल्या.

बापूराव जू धरून उभे राहिले. "किती दिस?"

"तुमी आणून सोडाल तवा. मागल्या खेपंला म्या खळ्यापायी आडवलं. आता न्हाई आडवत."

एवढं बोलून त्या रडायला लागल्या. सुंदर गेल्यानंतर त्या कुणासमोर रडल्या असतील असं मला वाटत नाही, कारण रडायचं कसं ते विसरल्यासारख्या रडत होत्या. बापूरावांनी पोरगी घेतली. त्यांनी माफ केलं असं काही म्हटलं नाही, तसं माणूस म्हणत नसतो. म्हणाले एवढंच, "शेळी बी द्या. सवय असंल तिला." मी जवळच उभा होतो. म्हटलं, शेळी न्या, पण दूध वरणभात खाल्ल्यावरच. दगडूनं शेळी सोडून त्यांच्या गाडीला बांधली. दोन्ही गाड्या एकामागं एक निघाल्या, आणि दुसऱ्या गाडीत काशीबाई रिकाम्या मांडीनं बसल्या होत्या.

साहेब पुढच्या मुआयन्याला आले तेव्हा मी त्यांना दोन्ही स्लाइड दाखवल्या. त्यांनी विचारलं, घरातले माळकरी होते म्हणतोस, मग कलेजी खिलाई किसने? मी म्हटलं, मामाने. ते म्हणाले, बहुत अच्छा, आणि पुढच्या कपाटाकडे गेले.

शेळीच्या दुधात कमी असलेल्या त्या सत्त्वाला पुढं फोलिक ॲसिड असं नाव मिळालं आणि त्याच्या पिवळ्या गोळ्या आल्या. आता ते सोपं झालंय. तेव्हा मात्र मी एक पद्धत पाडून घेतली. पांढरं पडलेलं मूल आलं की औषध लिहायच्या आधी मी विचारायचो, उष्टावण झालं का? नसेल झालं, तर मामा कुठं राहतो? तो येतो का? नसेल येत तर काय झालं होतं? पुष्कळ वेळा मुलाला लोहच लागायचं आणि मामा बाहेर ओसरीवरच बसलेला असायचा. लोक म्हणायचे, डॉक्टर चांगला आहे, पण फार खोलात शिरतो.